बेगल आधी पाण्यात, मग भट्टीत

भट्टीची वीट न् वीट मी रचली. कणीक वळायची सागाची फळी मीच रंधा मारून गुळगुळीत केली. आणि आज पहाटे चोवीस बेगल या हातांनी वळले, प्रत्येक बरोबर नव्वद ग्रॅमचा. शिकवायला कोणी नव्हतं, तीन वर्षं चुकत चुकत शिकलो.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: बेगल म्हणजे ज्यू लोकांचा कड्यासारखा गोल पाव. भाजण्याआधी तो उकळत्या पाण्यात सोडायचा. एका बाजूनं तीस सेकंद, उलटून तीस. त्यानंच त्याला चकाकी येते आणि चिवटपणा येतो.

डबा घेऊन मूर्तिजापूरहून अमरावतीला एका कॅफेवाल्याकडे गेलो. कायमचं गिऱ्हाईक हवं होतं. माझी भट्टी आठवड्यातून एकदाच पेटते.

“काका, चव मस्त आहे, पन चावाले लय लागते. पाण्याची भानगड कायले करता? पावालेच भोक पाडा ना!”

“मंग त्याले बेगल म्हनू नका.”

“मेनूत बेगलच लिवतो. इथं कोनाले समजते?”

“मले समजते.”

तो हसला. बोलता बोलता त्यानं तिसरा बेगल उचलला होता, हे त्याच्या ध्यानात नसावं.

घरी बायकोनं विचारलं, “भट्टी काय शोभेले बांधली?” तिचंही खोटं नाही.

तुम्ही असता तर काय केलं असतं? सांगा, पण आधी ऑफर नीट वाचा. रोज शंभर नग, पाण्यात न सोडलेले, नुसते भोकाचे पाव. महिन्याला पंचेचाळीस हजार रुपये. मी नाही म्हणून आलो.