सलग नऊ छापे

"काका, बाबा गेले…" मोताळ्याहून भास्करच्या मुलाचा फोन आला, त्याला आता महिना होईल. पहिल्यांदा माझ्या मनात काय यावं? आता सांगायचं राहूनच गेलं! मित्र गेल्याचं दुःख नंतर आलं, इतका मी आपमतलबी.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा आम्ही दोघं मोताळ्याची पोरं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला गेलो. संभाव्यता म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगता येईना. भास्कर म्हणायचा, "सांग ना बे, अंदाज कराले शिकून राह्यलो." प्रात्यक्षिकासाठी नाणं पाचशे वेळा उडवून छापा-काटा लिहून न्यायचा होता. भास्करनं खोलीवर बसून खरंच पाचशे वेळा उडवलं, मोजायला मी. मधेच सलग नऊ छापे पडले तेव्हा दोघंही ओरडलो. माझी यादी मात्र मी चहा पीत मनानंच लिहून काढली. छापा, काटा, काटा, छापा… कशी गोजिरवाणी!

सरांनी माझ्या वहीवर सही ठोकली. भास्करची वही वर धरून म्हणाले, "सलग नऊ? घरी बसून रचलंस. उद्या नवी यादी आण."

"सर, पडलं ते लिवलं. खोटं काऊन लिहू?" तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाकाकडे पाहत राहिलो… साक्ष दिली तर आपलीही वही पुन्हा उघडतील, ही भीती. त्यानं नवी यादी दिली नाही, सरांनी सही दिली नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता येईना. वर्ष बुडालं, वडिलांनी परत पाठवलं नाही, आणि आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार माणूस गावच्या शाळेत पाढे शिकवत राहिला. प्राध्यापक झालो मी. खऱ्या यादीत सलग छाप्यांच्या-काट्यांच्या अशा लांब ओळी येतातच, ज्या यादीत येत नाहीत तीच बनावट, हे मी दर वर्षी पोरांना सांगत आलो. तेच मोताळ्याला जाऊन त्याला सांगायला जीभ कधी रेटली नाही.

तेराव्याला गेलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते दर साली शाळेतल्या पोरायले नाणं उडवाले लावत. पडलं तेच लिवा, म्हनत." मला राहवेना. विचारलं, त्या वहीबद्दल कधी बोलला का?

"एक डाव बोलले. म्या इचारलं, तवा तुमच्या संगं कोनीच नोतं का, सरले सांगाले? त म्हने, नाही वं… मी एकटाच होतो."