आज न्हाई, उद्या मोजू

रशीदचाचांच्या हातात मोजपट्टी दिली, की ती सरळ त्यांच्या खिशात जायची. यंत्रातून नुकतंच निघालेलं प्लास्टिकचं झाकण ते आधी गालाला लावायचे, मग त्याला टिचकी मारायचे आणि फळीवर ठेवून म्हणायचे, "आज न्हाई, उद्या मोजू. ह्ये अजून आवळून राहिलंय."

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा चाचा रेणापूरहून येऊन आमच्या कारखान्यात लागले होते. मी किती तरी वर्षांनी आलो, तो संगणक घेऊन. वितळलेलं प्लास्टिक साच्यात निवताना त्यात स्फटिक कसे धरतात आणि त्यापायी नग किती आकसतो, हे मी पडद्यावर रंगीत चित्रांत दाखवायचो. चाचा बघायचे आणि म्हणायचे, "तुमचा टीव्ही लई झकास हाय, साहेब." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी आलो त्या वर्षीच्या दुष्काळात पाण्याच्या पिंपांना कोण मागणी! नव्या पिंपाच्या झाकणाचा साचा माझ्या गणितावर बनला. झाकणं बसली तरच नोकरी पक्की, असं मालकांनी बजावलं होतं. संध्याकाळी मी मोजली, तर माप तंतोतंत. मी गाडी भरायला सांगितली, तर चाचा गाडीच्या फाळक्याला पाठ लावून उभे. "उद्या," एवढंच म्हणाले. मालकांनी त्यांचंच ऐकलं आणि मी फुरंगटून घरी गेलो.

सकाळी एकही झाकण पिंपावर बसेना. चाचांनी मला साचा निववणाऱ्या पाण्याच्या हौदापाशी नेलं. "हात घाला, साहेब."

पाणी गरम होतं. बोअर आटल्यापासून टँकरचं तेच ते पाणी साच्याभोवती फिरत होतं, आणि संगणकाला मी बोअरच्या गार पाण्याचा आकडा दिला होता. प्लास्टिक सावकाश निवलं, स्फटिक जास्त धरले, झाकण रात्रभरात जास्त आकसलं. खरा आकडा घातला, तर पडद्यावरचं झाकणही तेवढंच लहान झालं.

"हाव, आता खरं बोलून राहिला टीव्ही," चाचा म्हणाले. मग झाकण साच्यात किती वेळ जास्त धरायचं, ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. दुसऱ्या दिवशी झाकणं बसली. मालकांना चाचांनी सांगितलं, "पानी तापलं व्हतं. पोरगं हुशार हाय." नोकरी टिकली ती त्या वाक्यावर.

पुढं मी पुण्याला निघालो, तेव्हा ते स्टँडवर आले होते. मी विचारलं, "चाचा, खरं सांगा, शिकलो का हो मी काही?"

त्यांनी तळहात माझ्या गालाला लावला. मग कपाळावर हळूच टिचकी मारली.

"आज न्हाई, बेटा. उद्या सांगतो."

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. मला फार रडू आलं. माझं माप घ्यायचं तेवढं राहून गेलं.