पाडव्यासाठी उतरवलेले पडदे

मी उत्तर ओंटारिओला फिरायला गेले नव्हते. भाचीला परत आणायला गेले होते.

नाशिकहून कुंदाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला तेव्हा मी कॅनडातच, किचनरला मुलाकडे होते. "ताई, स्वाती फोनवर नुसती रडते. एवढी शिकलेली पोर त्या बर्फात कशाला सडतेय? तू जा आणि घेऊन ये तिला." स्वातीने इथलं शिक्षकाचं प्रमाणपत्र मिळवलं होतं, पण शहरात कायमची नोकरी मिळेना. उत्तरेच्या शाळांना शिक्षक मिळत नाहीत. म्हणून ती सप्टेंबरपासून मूळ रहिवाशांच्या एका लहान गावात चौथीला शिकवत होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिने तसं बजावलंय.

कोणाला जायचंच असेल तर आधी हे समजून घ्या. तिथे हॉटेल नाही. गावातल्या कोणाच्या तरी घरी उतरायची सोय असल्याशिवाय जाऊ नये. टोरांटोहून थंडर बे, आणि तिथून छोटं विमान. त्यात सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात. मी कपडे कमी केले आणि कांदे, तूरडाळ, दुधाची पावडर भरली. ते बरं झालं. गावातल्या एकुलत्या दुकानात भाजी म्हणजे मऊ पडलेली गाजरं, आणि त्यांची किंमत वाचून मी ती जागेवर ठेवली. हवा बिघडल्यामुळे थंडर बेला एक दिवस बसून काढावा लागला. तोही हिशेबात धरा.

गाव म्हणजे गोठलेलं तळं, विरळ झाडी, पत्र्याची घरं. शिक्षकांची घरं कुंपणाच्या आत, एका ओळीत. नळाचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, अशी सूचना शाळेच्या दारावर लावलेली होती. तिचा कागद पिवळा पडला होता. स्वाती पहाटे उठून आधी दोन पातेली पाणी उकळायची, मग काळोखातच शाळेत जायची. मुलं उपाशी आलेली असायची, म्हणून अभ्यासाआधी त्यांना खायला द्यायची. मी पोचले त्याच आठवड्यात गावात एका तरुण मुलीचं मयत झालं. शाळा बंद राहिली. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. स्वाती फोनवर का रडते ते मात्र कळलं.

वर्गात गेले तर टीना नावाच्या एका चुणचुणीत मुलीने मला नाव विचारलं नाही. पहिलाच प्रश्न, "तू कधी जाणार?"

"रविवारी," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि स्वातीकडे बोट दाखवलं. "आणि ती?"

वर्गात मदतीला मार्लिन नावाची गावातलीच बाई असे. ती हसली. "सगळ्यांना हेच विचारतात. हिच्या आधीचा एक नाताळला गेला. एक दात काढायला गेला. अजून काढतोच आहे. मोठं तोंड असणार."

त्या संध्याकाळी मी स्वातीला स्पष्ट सांगितलं, "माझ्याबरोबर चल. इथे तुझं काही अडलेलं नाही."

"मावशी, वर्ष अर्धवट टाकू?"

"तब्येत टाकण्यापेक्षा बरं."

ती ताटातला भात चिवडत राहिली. "शनिवारी सांगते," म्हणाली.

पाडवा दोन दिवसांवर होता. आणि घराची अवस्था अशी, की गुढी कुठे उभारायची हा प्रश्न नंतरचा. दुसऱ्या दिवशी स्वाती शाळेतून येईपर्यंत मी खिडक्यांचे सगळे पडदे उतरवून धुवायला टाकले, आणि सप्टेंबरपासून कोपऱ्यात साचलेले पुठ्ठ्याचे खोके बाहेर पायरीवर रचले. ड्रायर बंद होता, म्हणून ओले पडदे न्हाणीघरात टांगले. पाडव्याच्या सकाळी मी पोळ्या लाटत होते, तोच स्वाती शाळेतून परत आली. मागे मार्लिन.

"वर्गात तीनच मुलं आहेत," स्वाती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मार्लिन माझ्याकडे न बघता उघड्या काचांकडे बघत होती. "इथे शिक्षक जातो तेव्हा सांगत नाही. आधी पडदे उतरतात. मग खोके बाहेर येतात. सोमवारी वर्गात दुसरंच कोणीतरी असतं. मुलांना खिडकी वाचता येते."

"अहो, आमच्याकडे सणाला घर साफ करतात!" मी म्हणाले.

"छान सण आहे," मार्लिन म्हणाली. "खोके आत घे."

आम्ही ओलेच पडदे लावले. पाणी फरशीवर ठिबकत होतं. मग स्वाती घरोघर निघाली आणि मी तिच्यामागे. कुठे दार उघडलं, कुठे नाही. टीनाने दार बोटभर उघडलं.

"तू गेली नाहीस?"

"नाही. मावशीने पडदे धुतले, एवढंच."

"मग कधी जाणार?"

स्वातीने माझ्याकडे पाहिलं. शनिवार अजून लांब होता. पण त्या फटीतून ती पोर बघत होती, आणि उत्तर तिथेच द्यायला हवं होतं.

"जूनमध्ये. शाळा संपल्यावर. आधी नाही."

"सगळे जूनच म्हणतात," टीना म्हणाली आणि दार लावलं.

परतताना मी तिला चल म्हणायचं सोडून दिलं. रविवारी स्वाती मला विमानापर्यंत सोडायला आली नाही. धावपट्टीवर शिक्षिका दिसली असती तर पुन्हा तोच घोटाळा. तिने घराच्या दारातच नमस्कार केला. मार्लिनने मला ट्रकमधून नेलं. धावपट्टीच्या कुंपणापाशी काही मुलं उभी होती. विमानात एकटी मीच चढतेय याची खात्री झाल्यावर ती पांगली.

किचनरला पोचल्याबरोबर कुंदाचा फोन. "आणलीस?" "नाही," म्हणाले. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी दर रविवारी स्वातीला फोन करायचे. टीना आठवडाभर आलीच नाही. मग आली, पण कोट काढेना. दाराजवळच्या बाकावर कोट घालून बसायची, बर्फ वितळून चिखल झाला तरी. काही मुलं परत आलीच नाहीत. पडदे लावले म्हणून सगळं पूर्ववत झालं, असं मी लिहिणार नाही.

शाळा संपली आणि स्वाती खाली किचनरला आली. वाळली होती, खोकत होती. पहिल्या दिवशी तिला झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना विचारलं, "घर नीट आवरून आलीस ना? पडदे काढलेस?"

"नाही. तसेच आहेत."

"म्हणजे सप्टेंबरचं ठरलं?"

"नाही गं. काढायला हात होईना."

मी कप खाली ठेवला. "स्वाती, ती पोरं उन्हाळाभर त्या खिडकीवरून जाणार. पडदे ठेवून आलीस, तर आता परत जावं लागेल. नाहीतर आजच मार्लिनला फोन कर आणि उतरवायला सांग."

तिने कप उचलून विसळला. फोनकडे गेली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "त्या विमानात तुला कांदे किती किलो नेऊ दिले होते?"