केबल माझ्या बॅगेत होती

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. शिक्षण नववीपर्यंत, तेही शेवटचे दोन पेपर न देता... पण माझं कामच असं आहे की त्यात मानण्या-न मानण्याला जागा नसते. मी नेटवर्कच्या केबली टाकतो. केबल नीट बसली की हिरवी लाईट लागते, नाही बसली की लागत नाही. मधलं काही नसतं. आठ वर्षं मी तेवढ्यावरच विश्वास ठेवला आणि माझं काही अडलं नाही. आता मात्र तीन आठवडे झोप नाही, म्हणून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजीकडचा. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात कामाला आलो आणि वर्षभरात तो बंद पडला. गावी परत जायला तोंड नव्हतं. मी राहायचो त्या खोलीत एक दिवस इंटरनेटची केबल ओढायला पन्नाशीचे एक गृहस्थ आले. त्यांच्यासोबत कोणी नव्हतं म्हणून मी शिडी धरली. काम संपल्यावर खाली उतरून म्हणाले, "शिडी धरणारे लय भेटले. न हालता धरणारा पहिल्यांदा पाह्यला. उद्या येतो का?"

ते तात्या. मी आज नाशिकमध्ये उभा आहे तो त्या एका वाक्यावर.

तात्यांनी आठ रंगांच्या तारांचा क्रम माझ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला — पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... चुकलो की म्हणायचे, "का रं गजू, घाटंजीत हिरव्याला निळं म्हणत्यात का?" जेवायला त्यांच्याच घरी, देवळालीगावात. काकू तिसरी भाकरी न विचारता वाढतात.

आता घटना. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, नाशिकच्या द्वारका चौकापासून जवळ आहे एवढं पुरे. तिथे आम्ही चार स्विचचा स्टॅक लावत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — स्विच म्हणजे एक चपटी लोखंडी पेटी, पुढे केबली खुपसायला ओळीने भोकं. हॉस्पिटलमधला प्रत्येक कॉम्प्युटर, आयसीयूतला प्रत्येक मॉनिटर केबलने तिथे येतो. असे चार स्विच रॅकच्या लोखंडी चौकटीत एकाखाली एक बसवायचे आणि मागच्या बाजूने जाड केबलने एकमेकांना जोडायचे, की चारही मिळून एकच असल्यासारखे वागतात. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. आणि मग शेवटची लांब केबल, चौथ्यापासून परत पहिल्याला. तिने रिंग पूर्ण होते.

तात्यांनी मला हे फार सोपं करून सांगितलं होतं. "बायका फेर धरत्यात, पाह्यलंय ना? मधल्या एकीनं हात सोडला तरी बाकीच्या जोडलेल्या राहत्यात. पण कधी? पहिलीनं आन् शेवटचीनं एकमेकीचा हात धरला असंल तर. नायतर तो फेर नाय, नुसती रांग हाय. रांगंत मधली पडली का मागच्या सगळ्या गेल्या."

म्हणून ती शेवटची केबल ते मला कधी लावू द्यायचे नाहीत. स्वतः रॅकच्या मागे वाकायचे, आणि केबल आत सरकवताना पुटपुटायचे, "धरा रे हात." मग टक् असा आवाज. आठ वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

त्या शनिवारी दुपारी तीन छोट्या केबली लावून झाल्या. लांब केबल कुरियरने उशिरा आली. तात्यांनी पाकीट फोडलं, केबल हातात घेतली, मागे वाकले — आणि तसेच थांबले. "गजू... छातीत काय तरी होतंय रं." चेहरा घामाने डबडबलेला. मी त्यांच्या हातातली केबल घेतली, माझ्या बॅगेत कोंबली (का कोंबली? तिथेच टाकता आली असती!) आणि त्यांना धरून लिफ्टने खाली नेलं. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलमध्येच होतात म्हणून वाचलात.

संध्याकाळी ते आयसीयूत, नऊ नंबरच्या बेडवर. तो बेड एकदम टोकाला, खांबाच्या आड. सिस्टर बसतात त्या टेबलावरून दिसत नाही. पण टेबलावर मोठा स्क्रीन आहे, त्यावर सगळ्या बेडचे ठोके दिसतात. ते ठोके आम्ही लावलेल्या स्विचमधूनच मुख्य सर्व्हरकडे आणि तिथून टेबलापर्यंत जातात.

साडेसहाला मी बाहेर काकूंजवळ बसलो होतो तेव्हा पुण्याहून आमच्या कंपनीच्या मॅडमचा फोन आला. स्विचचं सेटिंग त्या तिथूनच करतात.

"गजानन, तात्यांचं कळलं रे. काम झालं ना पण? रिंग पूर्ण?"

ते स्विच आहेत त्या सर्व्हर रूमला कुलूप लागलं होतं. चावी सावळे सरांकडे, म्हणजे हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं सगळं बघतात त्यांच्याकडे, आणि ते घरी गेलेले. मी एवढंच म्हणायला हवं होतं, 'एक केबल राहिलीय मॅडम.' पण मला ते जमत नाही. ज्याला कुणीतरी उचलून उभं केलंय, त्याला 'राहिलं' म्हणायची फार भीती वाटते हो... वाटतं, ऐकलं की लगेच खाली ठेवतील.

"हो मॅडम," मी म्हणालो.

"छान. मग मी तसा रिपोर्ट टाकते. तात्यांकडे बघ तू."

दोन मिनिटांचं काम. रविवारी कुलूप. सोमवारी सकाळी जाऊन लावू म्हटलं, तर सकाळीच मला विंचूरला पाठवलं, वाईन पार्कमधल्या एका कारखान्यात. तिथे पोचलो, हजेरीचा फोटो टाकला. आमच्याकडे हजेरीच्या फोटोवर वेळ आणि ठिकाण आपोआप छापून येतं — विंचूर, बारा वाजून चार मिनिटं. हे लक्षात ठेवा.

बारा-आठला सावळे सरांचा फोन.

"अरे गजानन, दोन नंबरचा स्विच गेला की रे! एकदम डेड. लाईट-बिईट काही नाही."

मी बॅग पुढे ओढली.

"पण मानलं बरं का तुम्हाला! दोनवरचे आठ-दहा कॉम्प्युटर सोडले तर सगळं चालू. तीन, चार मस्त पळतायत. यालाच म्हणतात ना ते, हाय अव्हेलेबिलिटी?"

"सर... आयसीयू?"

"आयसीयू तीन नंबरच्या स्विचवर आहे ना? चालू आहे म्हणतोय. तू कशाला घाबरतो?"

मुख्य सर्व्हरची केबल फक्त एक नंबरमध्ये येते. दोन मेला, म्हणजे तीन आणि चारचा एकशी संबंध तुटला. रिंग असती तर चारकडून वळसा घालून गेलं असतं. पण वळशाची केबल तिथे नव्हतीच. मी बॅगेची चेन उघडली. केबल शनिवारी कोंबली तशीच, दोन्ही टोकांना कंपनीची टोपणं. तेव्हा तीन आणि चार चालू असणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, बंदच पडलेत, यांना अजून कळलं नाही. किंवा आत्ता पडतील. आत्ता.

सावळे सरांना सांगून तरी काय होणार होतं? त्यांनी लावायची म्हटली तरी केबल माझ्याकडे, विंचूरला. आणि आयसीयूत कळवायचं तर आधी खोटं कबूल करावं लागणार; तेही जमलं नाही.

गाडी काढली. निफाडला कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक, पुढे जायला वाव नाही. शर्टाच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. चांदोरीला थांबून बघितलं, तर ग्रुपवर सावळे सरांचा मेसेज: 'ग्रेट वर्क टीम!' आणि आईचा मिस्ड कॉल. डोळ्यापुढे फक्त नऊ नंबरचा बेड. तिथला मॉनिटर खांबाआड एकटाच ओरडतोय आणि टेबलावर काहीच दिसत नाही... देवाचा धावा करायचं मनात आलं, पण देवाला सांगणार काय? खोटं तर मीच बोललो होतो.

द्वारकेला चारी बाजूंनी गाड्या अडकलेल्या. मी हॉर्नवरचा अंगठा काढत नव्हतो. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "ओ भाऊ, हॉर्न वाजवून उडून जाणार का वरतून?" मला रडूच आलं. त्या बिचाऱ्याने रिक्षा वाकडी करून मला वाट दिली.

एक वीसला पोचलो. सावळे सर चहा पीत होते. "सगळं चालू आहे, कशाला आलास एवढ्या उन्हात?" म्हणत त्यांनी सर्व्हर रूम उघडून दिली.

पुढून बघितलं. दोन नंबर काळा. तीन आणि चारच्या सगळ्या लाईटी हिरव्या, लुकलुकत होत्या. मी बॅटरी घेऊन मागे गेलो. चार नंबरचं सॉकेट रिकामं, त्यावर टोपण. एक नंबरचं सॉकेट रिकामं, त्यावरही टोपण. मध्ये काही नाही. मी हात फिरवून बघितला. मोकळी हवा.

रॅकच्या मागची बाजू नेहमी गरम असते, पंख्यांची हवा तिकडेच येते. पण त्या दोन सॉकेटना बोट लावलं तर ती गार. पाण्याच्या माठासारखी गार.

मग टोपणं काढली, केबल लावली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "धरा रे हात." टक्. पुढच्या लाईटींमध्ये काही फरक पडला नाही.

मी जिन्यानेच वर पळालो. आयसीयूच्या दारात काकू आणि एक सिस्टर.

"तुम्ही यांचा मुलगा का?" सिस्टरने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"हो," काकू म्हणाल्या.

"अहो, काकांनी घाबरवलं आज. बाराचं औषध देऊन मी नोंद लिहीत होते, तेवढ्यात यांनी दोन्ही हात पसरले आणि पलंगाचे दोन्ही दांडे गच्च धरले. झोपेचं औषध चालू असताना! बोटं पांढरी पडली. आम्ही दोघी सोडवत होतो, सुटेनात. मधे एकदा ठोके बिघडले, टेबलावर अलार्म आला म्हणून धावलो, इंजेक्शन दिलं. वेळेवर कळलं म्हणून बरं. तरी हात तसेच. आत्ता, पाच मिनिटं झाली असतील, आपले आपण सोडले."

पाच मिनिटं. मी जिन्यावर बसलो. काकूंना वाटलं मला चक्कर आली. त्या पदराने वारा घालत राहिल्या.

संध्याकाळी मॅडमचा फोन. स्विच आपली नोंद स्वतः ठेवतो, कुठली केबल कधी लागली, कधी सुटली. ती त्यांनी बघितली होती.

"गजानन, खरं सांग. शनिवारपासून शेवटची केबल नव्हती ना?"

"नव्हती मॅडम."

"आज बारा-पाचला लागलीय. दोन नंबर जायच्या नऊ सेकंद आधी. कोणी लावली?"

"मी... मी दीडच्या सुमाराला लावली, मॅडम."

"त्याची काहीच नोंद नाही. बारा-पाचला लागली, त्यानंतर ना सुटली, ना परत लागली. आणि तुझा विंचूरचा फोटो बारा-चारचा आहे." मग म्हणाल्या, "बग असेल. सॉफ्टवेअरचा बग." त्यांच्या आवाजावरून त्यांनाही ते पटलं नव्हतं. "तात्या बरे आहेत ना? मग राहू दे. पण परत मला खोटं सांगू नकोस. 'राहिलं' म्हणालास तर मी काय तुला खाणार आहे?"

हॉस्पिटलने आमच्या कामाचं कौतुक करणारा मेल पाठवला. कंपनीने ग्रुपवर माझा फोटो टाकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी न केलेल्या कामाच्या टाळ्या. मी 'थँक्यू सर' लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

तात्या आठवड्याने घरी आले. बरे आहेत, काकूंशी मिठावरून भांडतात. फक्त हातांची पकड गेलीय, पाण्याचा तांब्या सुटतो. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा. परवा मी जेवायला बसलो तर म्हणाले, "गजू, त्या दिवशी शेवटची केबल मीच लावली ना रं?"

मी घास तसाच धरून बसलो.

"आठवतंय मला. लय गार होती बघ. आन् बसंना. लय येळ दाबून धरावी लागली. हात भरून आले, पण म्हटलं, गजू येईस्तोवर सोडायची नाय."

"हो तात्या," मी म्हणालो. "तुम्हीच लावली."

आता खरी अडचण. नवा स्विच आलाय. येत्या रविवारी सकाळी अकराला बसवायचा आहे, आणि मॅडम म्हणतात, ती शेवटची केबल एकदा पूर्ण काढून परत लावायची, म्हणजे तो बग आहे का ते कळेल. या वेळी मी 'मला जमणार नाही' म्हणून बघितलं. त्यांनी विचारलं, "का?" आणि मी पुन्हा 'हो मॅडम' म्हणालो. मी केबल काढल्यावर काहीच झालं नाही, लाईटी तशाच हिरव्या राहिल्या, तर? आणि झालं तर? रात्रंदिवस हेच. इथे कोणी स्टॅकिंगमधले जाणकार असतील तर सांगा, केबल नसताना रिंग पूर्ण दिसते असं कधी कुणी पाहिलंय का? मला तरी आजपर्यंत याचा उलगडा झालेला नाही.

काल काकूंना एकटं गाठून एवढंच सांगितलं — रविवारी अकरा वाजता सगळं काम सोडून तात्यांजवळ बसा. त्यांचे दोन्ही हात धरून बसा. मी फोन करेपर्यंत सोडू नका.

काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "बसते की. पण का रे?"