मावशीच्या मापाचं घर

आमच्या मावशीला उघडी वस्तू बघवत नाही. हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीमागे तिने तीस वर्षं काढली. वर पेशंटचं नाव-वय लिहायचं आणि खाली मांडीवर क्रोशाची सुई चालवायची. पेशंट बरे झाले की नाही देव जाणे, रुमाल मात्र एकही अर्धवट राहिला नाही. टीव्हीला रुमाल, फ्रिजला रुमाल, मिक्सरला झालरीचा झगा. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली ती टेप घेऊनच. जावयाची चौकशी नंतर, आधी गॅस सिलिंडरचा घेर.

काम सुबक, त्यात वादच नाही. पण मिक्सर लावायचा तर आधी त्याचे कपडे उतरवा, हा उपद्व्याप सांगितलाय कुणी? मी हळूहळू सगळ्याची वासलात लावली. बरंचसं गाडी पुसण्यात संपलं. माझी थोरली बहीण जास्त हुशार. ती सगळं कपाटात ठेवते, मावशी येणार म्हटलं की मांडते आणि ती जिना उतरायच्या आत पुन्हा कोंबते.

मग मावशीच्या घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली आणि त्याच महिन्यात आमचं पाळणाघर बंद पडलं. मुलगी अडीच वर्षांची, नोकऱ्या दोघांनाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी मावशीचे धरले. फोनवर म्हटलं, "मावशी, माझ्याकडेच ये राहायला." ताईनेही तोंडदेखलं बोलावलं होतं. मावशी म्हणाली, "दोघींकडे येऊन बघते, मग सांगते."

बघते म्हणजे काय बघते, ते आम्हाला कळलं. शनिवारी ती ताईकडे गेली. संध्याकाळी ताईने आपल्याकडचा रुमालांचा अख्खा संच पिशवीत भरून माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे घेऊन जा आणि तिलाही ठेवून घे बाई."

रात्रीच मी ते सगळं माझ्या घरात मांडलं. रविवारी मावशी आली, खुर्चीत बसली आणि तिने नाक वर केलं.

"डांबरगोळ्या. काल ताईकडे हाच वास होता."

"हो का?" मी म्हटलं.

"तुझं टेबल चौकोनी. मी मापलंय. हा रुमाल गोल कसा?"

"अगं, धुतल्यावर जरा…"

"धुतल्यावर आटतो. गोल होत नाही."

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि मला उशिरा आठवलं. सिंकपाशी पायपुसणं होतं. तिने आमच्या सोफ्याच्या पाठीसाठी विणलेलं, मी चौघडी करून जमिनीवर टाकलेलं. आता पाळणाघरही गेलं आणि मावशीही.

ती गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि ते उचललं. चहाचे डाग, झिजलेली कड. एकेक टाका बोटाने चाचपला.

"रोज वापरतेस?"

लपवण्यात अर्थ नव्हता. "रोज. पाणी चांगलं शोषतं."

"टाका एकही सुटला नाही बघ," ती म्हणाली. "ताई स्वतंत्र खोली देते म्हणाली. पण तिथं मी कपाटातच राहणार गं, डांबरगोळ्या घालून. त्यापेक्षा पायाखाली का होईना, वापरात असलेलं बरं. तुझ्या मुलीला मी सांभाळीन."

मुलीबद्दल मी फोनवर चकार शब्द काढला नव्हता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी घाईघाईने ते पायपुसणं तिच्या हातातून घेतलं, झटकलं आणि फळीवर ठेवायला गेले.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. तिने ते पुन्हा सिंकपाशी नीट पसरलं, त्यावर उभी राहिली आणि आमचे कप विसळायला घेतले.