मावशीने सायकल दुसरीकडून घेतली

माझी मावशी घरोघरी जाऊन केस कापते. ज्यांना जिना उतरता येत नाही, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, ज्यांना गर्दीचा धसका आहे, अशा लोकांचे. तिच्या सायकलच्या कॅरिअरला घडीची खुर्ची बांधलेली असते. एका बाजूच्या पिशवीत केस धुवायचं तसराळं आणि टॉवेल, दुसऱ्या पिशवीत कात्र्या, कंगवे, मशीन. सगळा भाग तिला 'कात्रीमावशी' म्हणतो आणि तिला ते मनापासून आवडतं.

आपल्या हातावर तिचा पक्का भरवसा. केस कापून झाल्यावर आरशात बघून कुणी कुरकुर केली, तर ती टॉवेल झटकत म्हणते, "दोन दिवस जाऊ देत. तुमच्या डोळ्यांना सवय झाली की मला फोन करून सांगाल." आणि बहुतेक जण खरंच फोन करतात.

तिचं एखादं गिऱ्हाईक मध्येच दुसरीकडे जाऊन येतं. कुणाची सून हौसेने झकपक सलूनमध्ये घेऊन जाते, कुणाला शेजाऱ्याने नवा न्हावी सुचवलेला असतो. मावशीला ते मानेवरूनच कळतं, की इथे परकी कात्री फिरली आहे. पण ती चकार शब्द काढत नाही. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते तेव्हा जिन्यात विचारलं, "तुला राग नाही येत?"

"राग कसला? डोकं त्यांचं आहे. माझ्याकडे गहाण ठेवलेलं नाही."

आता सायकलच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. आमच्या कोपऱ्यावर ते आहे, बोळकांडीसारखं अरुंद आणि लांबलचक. छताला टायर टांगलेले, खाली ग्रीसने काळी झालेली फरशी, आणि तिच्यावर बसकट स्टुलावर दुकानवाले काका. आधी मावशी एका सलूनमध्ये नोकरीला होती. दिवसभर उभं राहून कापायची ती आणि नाव व्हायचं मालकिणीचं. एक दिवस तिने ते सोडलं. हातात कात्र्या होत्या, पण फिरायला वाहन नव्हतं. तेव्हा काकांनी तिला एक सायकल बनवून दिली. सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची, हँडल तिसरीचं. वर हिरवा रंग. मावशीचा धंदा त्या सायकलवर उभा राहिला. त्यानंतर वीसेक वर्षांत तिच्या सायकलच्या एका स्क्रूलाही दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. काकांचे केसही महिन्याच्या महिन्याला मावशीच कापायची, तिथेच दुकानात, टायरांच्या खाली बसवून. काकू मागच्या खोलीतून चहा आणायच्या आणि कापलेले केस ग्रीसला चिकटतात म्हणून दोघांवर करवादायच्या.

मग मावशीची गिऱ्हाइकं हळूहळू चढावरच्या नव्या वसाहतीत राहायला गेली. कुणी मुलाकडे, कुणी मुलीकडे. चढ असा की रिकाम्या हाताने चालतानाही धाप लागावी. त्यात खुर्ची, तसराळं आणि मावशीचे गुडघे. अर्ध्या वाटेत ती उतरायची आणि सायकल ढकलत न्यायची. वर पोचेपर्यंत हात थरथरायला लागायचे, आणि थरथरत्या हाताने कुणाच्या कानाजवळ कात्री नेणं तिला मंजूर नव्हतं.

तिने काकांना सांगितलं, "दादा, मला बॅटरीची सायकल हवी."

"बॅटरीची? ताई, ती खेळणी आहेत. मी गिअर बदलून देतो, बघा कशी पळते."

त्यांनी गिअर बदलून दिला. थोडा फरक पडला, नाही असं नाही. पण चढ काही कमी झाला नाही. मावशीने पुन्हा विचारलं. या वेळी काकांनी एक कॅटलॉग समोर टाकलं. त्यांना माल देणाऱ्या कंपनीचं एकच बॅटरीचं मॉडेल होतं, आणि ते दांडीचं. मागे खुर्ची बांधलेली असताना मावशीने दांडीवरून पाय टाकायचा कसा? तिने तसं म्हटलं, तर काका म्हणाले, "सवय होते."

"दादा, मग मी दुसरीकडेही बघते हां," मावशी म्हणाली. काका हसले. त्यांना ती चेष्टा वाटली.

मावशी मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेली तेव्हा मी बरोबर होते. काचेचं दार, चकचकीत फरशी, आणि आम्ही घडीची खुर्ची, तसराळं, पिशव्या घेऊन आत. तिथली विक्रेती मुलगी बघतच राहिली.

"हे सगळं बांधून चालवून बघणार," मावशी म्हणाली. "आणि इथल्या सपाट फरशीवर नको. मागे चढ आहे ना, तिथे."

मुलगी चांगली होती. तिने नाक मुरडलं नाही. एकामागून एक सायकली बाहेर काढून दिल्या आणि स्वतः खुर्ची बांधायला मदतही केली. एका सायकलवर मावशी डुगडुगली, एकीचा ब्रेक तिला फारच कडक वाटला. मग एक बिनदांडीची, बुटकी, मागे लांब कॅरिअर असलेली निघाली. मावशी तिच्यावर बसली आणि थेट चढाच्या टोकाला जाऊनच उतरली. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा होता, जसा मी कधी पाहिला नव्हता. कुणीतरी पाठीवरचं ओझं अलगद उचलून घ्यावं तसा.

तरी तिने तिथल्या तिथे घेतली नाही. आधी काकांकडे आली. "दादा, मला ही कंपनी, हे मॉडेल हवंय. तुम्ही मागवून द्याल? मी थांबते."

"त्या कंपनीचा माल मला मिळत नाही," काका म्हणाले आणि हातातल्या चाकाचे आरे पिळत राहिले.

"मग मी तिकडून घेते."

"घ्या की. तुमची मर्जी."

सायकल घरी आली. आमच्या खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंनी सल्ला दिला, "आता काही दिवस मागच्या गल्लीने जा गं. त्यांच्या डोळ्यांसमोरून नको."

"मागच्या गल्लीने का? मी काय चोरून आणली आहे?" असं म्हणून मावशी पहिल्याच दिवशी थेट दुकानासमोर जाऊन थांबली. "दादा, बघा तरी कशी आहे."

काकांनी मान वर केली नाही. "पुढच्या चाकात हवा कमी आहे," ते म्हणाले. "जिथून घेतलीत तिथेच भरून घ्या."

मावशी "बरं" म्हणून निघून आली. सायकल परत करावी असं तिच्या मनातही आलं नाही. "वाईट वाटतंय," त्या दिवशी जेवताना ती मला म्हणाली, "पण चुकलं असं वाटत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

महिना भरला. काकांच्या केसांचा दिवस आला तशी मावशी पिशवी घेऊन दुकानात गेली. मीही गेले, म्हटलं भांडण झालंच तर सोडवायला कुणी हवं. काका पाठमोरे उभे होते. मान स्वच्छ, केस ताजे कापलेले. मुद्दाम दाखवण्यासाठीच ते तसे उभे होते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मावशी पुढे झाली. चष्मा नाकावर चढवून तिने त्यांची मान निरखली. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"छान कापलेत," ती म्हणाली. "कानामागे तर फारच सफाईदार. कुणी कापले?"

काका चक्रावले. ते भांडायच्या तयारीत होते. "ते... बाजारामागे एक नवा आलाय."

"तुमच्या कानामागे केसांचा भोवरा आहे. मला तिथे नेहमी त्रास होतो. याने बरोबर बसवलाय. जाऊन बघायला हवं."

आणि ती खरंच गेली. त्या न्हाव्याकडून स्वतःचे केस कापून घेतले आणि आरशातून त्याचा हात बघत बसली. तो कंगवा उलटा धरून भोवऱ्याच्या विरुद्ध दिशेने कापतो, हे तिने टिपलं. आल्या आल्या माझ्या डोक्यावर प्रयोग झाला.

पुढे काही आठवड्यांनी तिची सायकल सर्व्हिसिंगला आली. शोरूमवाल्यांनी सांगितलं, इथे सोडून जा, आठवडाभराने मिळेल. त्यांच्याकडे रांग होती, त्यात त्यांचाही दोष नव्हता. पण आठवडाभर मावशीने करायचं काय? ती सायकल घेऊन सरळ काकांच्या दुकानात शिरली. काकू तेव्हा तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या.

"दादा, स्पष्ट बोलते. बॅटरीचं आणि मोटरचं काम मी तिकडेच करणार, ते त्यांना येतं. चेन, ब्रेक, टायर, चाकं, ही कामं तुमची, तुम्हाला हवी असतील तर. नको असतील तर शाळेजवळच्या दुकानात जाते. रुसवा धरणार नाही."

"जा ना मग शाळेजवळ," काका म्हणाले. "शोरूम झालं, आता शाळा. एवढ्या वर्षांचं काही नाही."

काकूंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "अहो, तुमचा चष्मा कुठून आणलात? शेजारी चष्मेवाले बसतात, रोज तुमच्याबरोबर गप्पा मारतात. पण चष्मा आणला पुलापलीकडून. आणि तो डबीसकट खिशात लपवून."

"त्यांच्याकडे हलकी फ्रेम नव्हती!"

"हिला पण बिनदांडीची नव्हती," काकू म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

काका हातातला पाना पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "सायकल तिकडून घेतलीत त्याचं नाही हो. तुम्ही मला दोनदा विचारलंत आणि मी खेळणं म्हणालो. ती सायकल दारावरून गेली की मला माझंच बोलणं ऐकू यायचं. आणि वाटायचं, ताईसुद्धा गेल्या, आता राहिलं कोण?"

मावशीने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. "दादा, तुम्ही मला पहिली सायकल दिलीत तेव्हा ती दया म्हणून मी घेतली नाही. चांगली होती म्हणून घेतली. आजही दया म्हणून येत नाही. तुमच्यासारखं चाक या भागात कुणी सरळ करत नाही, म्हणून आले. ज्या दिवशी तुम्ही तसं करणार नाही, त्या दिवशी तोंडावर सांगेन."

"सांगाल, सांगाल. त्याची खात्री आहे," काका म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं.

त्यांनी सायकल आत घेतली. चेन काढली, धुतली, मागचं चाक किंचित लचकत होतं, ते सरळ केलं. मग "ब्रेक तपासून येतो" म्हणून सायकलवर बसून जे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. काकू दारात येऊन डोकावल्या. "चढावर गेले असणार," त्या म्हणाल्या.

काका परत आले तेव्हा घामाचा थेंब नव्हता. उतरून त्यांनी सीट थोडी खाली केली, मावशीच्या मापाला, आणि नजर चुकवत म्हणाले, "खेळणं नाही."

त्यानंतर दुकानाच्या दारावर एक पाटी लागली: 'सायकल कुठूनही घ्या, दुरुस्ती इथे होईल.' ही पाटी आल्यापासून दुकानाला बरे दिवस आलेत, असं काकूच सांगतात. बॅटरीच्या सायकली काका अजून विकत नाहीत, आणि विकाव्यात असं मावशीही म्हणत नाही. केसांचं म्हणाल, तर काका कधी तिच्याकडून कापून घेतात, कधी बाजारामागे.

परवा मी तिच्याबरोबर दुकानात होते. मागचा टायर झिजला होता. काकांनी एक काढून दाखवला. मावशीने तो दाबून पाहिला आणि म्हणाली, "शाळेजवळ हाच टायर स्वस्त आहे, दादा."

"मग तिथून आणा. मी बसवून देतो."

मावशीने घड्याळाकडे पाहिलं. वसाहतीतल्या एका आजोबांनी तिला चारला बोलावलं होतं, नातीच्या लग्नातल्या फोटोसाठी त्यांना केस कापून हवे होते.

"नको," ती म्हणाली. "आज हाच बसवा. पुढचा तिथून आणीन."

"आणा," काका म्हणाले आणि जुन्या टायरातली हवा सोडायला वाकले.