बापूंचा भोंगा

"ये हमारा भोंगा है. पहाडों में बजता है."

बापूंनी माझ्याकडे बोट दाखवून दिल्लीच्या पाहुण्यांना सांगितलं. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून वाटते. बापू केंद्रात मंत्री झाले म्हणून सत्कार होता. माझ्या हातात आमच्या गावचा अर्ज होता, दवाखान्याच्या बोटीचा. त्यांनी तो बघितलाही नाही. "जाय वं, पाहुनासले चहा दे," म्हणाले. मी अर्ज काखेत धरला आणि चहा दिला.

आमचं गाव नर्मदेच्या काठी. धरणाचं पाणी चढलं तशी खालची घरं बुडाली, उरलेली टेकडीवर गेली. रस्ता नाही. आजारी माणूस न्यायचा तर मिळेल त्या होडीत. मी आश्रमशाळेत मराठी शिकले, खाली शहरात येऊन अहिराणी शिकले आणि नगरपालिकेत रोजंदारीवर शिपाई लागले. बापू तेव्हा नगराध्यक्ष होते. गटारी आणि नळांवर निवडून आलेला माणूस, पण नजर दिल्लीवर. दिल्लीला जायचं तर डोंगरातली मतं लागतात. डोंगरातली बोली त्यांना येत नव्हती, मला येत होती. गरजवंताला अक्कल नसते. त्यांची भाषणं आमच्या बोलीत सांगायला मी त्यांच्या गाडीत मागे बसले.

पहिल्याच सभेत बापू म्हणाले, "बोटनं बी पाहसूत." बोटीचंही बघू. एवढंच. समोर माझी काकी बसली होती, शेजारी तिची पोटुशी सून. मला राहवलं नाही. आमच्या बोलीत मी सांगून टाकलं, पावसाळ्याआधी बोट येणार. टाळ्याच टाळ्या. परतताना बापूंनी विचारलं, "तू काय सांगं?" मी भीत भीत खरं ते सांगितलं. वाटलं, रागावतील. ते खूश झाले.

"बेस. असंच सांगत ऱ्हाय."

मग मी सांगत राहिले. पाड्यापाड्यावर. बापू खासदार झाले. पावसाळा आला, बोट आली नाही. काकीची सून होडीतच गेली. पोटातल्या बाळासकट.

भेटायला गेले तेव्हा काकी रडली नाही. म्हणाली, "बापूला मी ओळखत नाही. बोट येणार, हे तू म्हणाली होतीस."

त्या दिवशी मी अर्ज लिहिला. तोच घेऊन सत्काराला गेले होते आणि भोंगा होऊन परत आले. रडूही आलं नाही. नुसता शीण आला.

पुढच्या निवडणुकीत बापूंचा निरोप आला. मी गेले. तोच काठ, तीच माणसं, एक बाई कमी. बापू म्हणाले, "बोटनं बी पाहसूत." माझ्याकडे बघून मान हलवली. मी माईक घेतला. आमच्या बोलीत सांगितलं, "बापू म्हणतात, बोटीचं बघू. मागेही एवढंच म्हणाले होते. येणार, हे मी माझ्या मनाचं सांगितलं. खोटं सांगितलं. बापूंना ते माहीत होतं."

बापू माझ्या कानाशी आले.

"आज टाळ्या का बरं नही वाजन्यात?"

"जितलं तुम्ही बोलनात, तितलंच सांगं."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतलं काम गेलं. बापू पुन्हा निवडून आले. त्यांना दुसरं कुणीतरी मिळालं. मिळणारच, भूक काही माझ्या एकटीलाच नव्हती. माझ्या सरळ बोलण्याने दिल्ली हलली नाही, हे मला दिसतं. थकले आहे मी.

पण अर्ज पुन्हा लिहिला आहे. काकी माझ्याशी अजून बोलत नाही. मी तिच्यापुढे कागद ठेवला, वाचून दाखवला. तिने शाईत अंगठा बुडवला, दाबून उमटवला आणि तोंड फिरवलं. तिने मला माफ करावं असं मी म्हणणार नाही.

सोमवारी हा कागद घेऊन कलेक्टर कचेरीसमोर बसणार आहे. चहा देणार नाही, हसणार नाही, आणि बोट काठाला लागेपर्यंत उठणार नाही. कुणी विचारलं, कुणाच्या वतीने बोलतेस, तर सांगेन. होडीत मेलेल्या बाईच्या.